मराठवाड्यात सायकल सुरू करताय? आधी काटे, ऊन, काळी माती आणि उसाच्या ट्रॉल्या समजून घ्या

सायकल घ्यायचीये, कुठली घेऊ, असं विचारणारे आमच्याकडं आता वाढलेत आणि ही लई चांगली गोष्ट आहे. अडचण एवढीच की मोबाईलवर जे बघायला मिळतं ते सगळं मोठ्या शहरातल्या रोडवरचं नाहीतर थेट परदेशातलं, आणि ते बघून लातूर, परभणी, बीडच्या माणसानं सायकल घेतली की दोन-चार महिन्यात ती जिन्याखाली जाऊन बसते. सायकल वाईट नसते, पण आपल्या इथल्या काट्याला, उन्हाला, मातीला आणि मुख्य म्हणजे आपल्या इथल्या मिस्त्रीला ती जमत नाही. मी लातुरात राहतो, कामाला सायकलवरच जातो, सुट्टीला बाहेरगावी पण काढतो, तर नव्या माणसाला सुरुवातीलाच जे कळायला पाहिजे ते इथं क्रमानं लिहितोय. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तुमच्या गावचा पंक्चरवाला जी सायकल दुरुस्त करू शकतो तीच घ्या.

१. आधी रस्ता ठरवा, मग सायकल

दुकानात जायच्या आधी एका कागदावर लिहून काढा, रोज कुठून कुठं, किती किलोमीटर, त्यात डांबरी किती, सिमेंटचा किती, कच्चा किती, आणि जाता-येता उजेड असतो का अंधार. गावातल्या गावात ५-६ किलोमीटर शाळा, ऑफिस, बाजार एवढंच असेल तर गिअरची काही गरज नाही. अंबाजोगाई, मांजरसुंबा, तुळजापूर, खुलताबाद अशा घाटाच्या बाजूला रोजचं जाणं असेल तर गिअर पाहिजेच, गुडघे वाचतात. आणि शेतात जायला, वैरणीचं ओझं, खताची गोणी, दुधाचे कॅन आणायला पाहिजे असेल तर सरळ साधी काळी २८ इंची घ्या, तिच्या कॅरिअरवर जे बसतं ते दुसऱ्या कुठल्याच सायकलवर बसत नाही.

२. कुठली सायकल, आणि कुठली नको

साधी काळी सायकल जड असते, पण तिचा एकूण एक पार्ट तालुक्याच्या काय, आठवडी बाजाराच्या गावात पण मिळतो. तिचा दोष एकच, दांड्याचे ब्रेक पावसात भिजलेल्या रिमवर फार कमी लागतात, म्हणून पावसाळ्यात वेग कमीच ठेवायचा.

जाड टायरच्या, पुढं-मागं दोन्हीकडं शॉकअप असलेल्या सायकली पोरांना लई आवडतात. स्वस्तातली असली सायकल घेऊ नका. शॉकअप नावालाच असतं, वजन वाढतं, पायडल मारलेला बराच जोर त्या स्प्रिंगातच जातो आणि वर्षभरात ते कुईकुई करायला लागतं. शॉकअप पाहिजेच असेल तर फक्त पुढं असलेली बघा.

डांबरी जास्त आणि थोडा कच्चा असा रोजचा रस्ता असेल (म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांचा) तर हायब्रिड सायकल (रेसिंग आणि जाड टायरवाली यांच्या मधली), ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीच्या टायरची, हे माझं स्पष्ट मत आहे. शॉकअप नसलेली घ्या, खड्ड्याचा दणका रुंद टायर बराच खातो. एकदम बारीक टायरची रेसिंग सायकल पहिली सायकल म्हणून आपल्याकडं नकोच.

आता दोन गोष्टी ज्या दुकानदार सहसा सांगत नाही.

एक, टायरची साईज. २६, २७.५, २९, ७००सी, २८ असले आकडे ऐकून डोकं फिरतं, पण टायरच्या कडेला बारीक अक्षरात आणखी एक जोडआकडा असतो, ३७-६२२ किंवा ४०-६३५ असा. त्यातला दुसरा आकडा म्हणजे रिमचं खरं माप. ७००सी आणि २९ दोन्हीचं माप ६२२ च आहे, पण आपल्या जुन्या २८ इंची काळ्या सायकलचं ६३५ आहे. कधी कधी ७००सीच्या टायरवर पण २८ लिहिलेलं असतं, आणि तिथंच घोळ होतो, टायर घरी आणल्यावर बसतच नाही. म्हणून टायर-ट्यूब घेताना हाच आकडा मोबाईलमध्ये फोटो काढून न्यायचा.

दोन, व्हॉल, म्हणजे ट्यूबचं हवा भरायचं तोंड. तीन प्रकार आहेत. जुन्या सायकलीचा, ज्याच्यात बारीक रबरी नळी असते. मोटारसायकलसारखा जाड. आणि महागड्या सायकलींना येणारा पेन्सिलीच्या टोकासारखा बारीक. हा बारीक व्हॉल खेड्यातल्या पंपाला सहसा लागत नाही. सायकलला तोच असेल तर त्याच्यावर बसणारं पितळी अडॅप्टर सायकलच्या दुकानातून दोन नग घेऊन ठेवा, एक व्हॉललाच लावून ठेवायचं, एक पिशवीत. अगदी छोटी वस्तू आहे पण ती नसली की कंप्रेसर समोर असून हवा भरता येत नाही. नवी घेताना निवड हातात असेल तर मोटारसायकलवाला जाड व्हॉलच मागा.

३. बिल आणि कागद

सायकलला लायसन नाही, पासिंग नाही, म्हणून लोक बिलच घेत नाहीत. घ्या, पक्कं घ्या, आणि त्याच्यावर फ्रेम नंबर लिहून मागा. हा नंबर बहुतेक सायकलींना पायडलचा एक्सल जातो त्या नळीच्या खाली ठोकलेला असतो, सायकल उलटी करून बघायचा. चोरीला गेली आणि पोलीस ठाण्यात गेलात तर सायकल तुमचीच आहे हे सांगायला तो नंबर आणि बिल एवढंच कामाला येतं. रेल्वेनं पार्सलला टाकायची वेळ आली तरी बिलाची झेरॉक्स आणि आधार जवळ असलेलं बरं. सोबत एवढं जपून ठेवा:

- पक्कं बिल, फ्रेम नंबर लिहिलेलं
- फ्रेम नंबरचा आणि पूर्ण सायकलचा फोटो
- वॉरंटी कार्ड, दुकानाचा शिक्का मारून
- कुलपाची दुसरी चावी, घरातच

बिलात जीएसटी पण बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा टॅक्स १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय.

घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर अजून एक. मानव विकास कार्यक्रमात आपल्याकडचे बरेच तालुके येतात, त्यात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. ते थेट बँक खात्यात येतात आणि सायकल घेतल्याचं बिल शाळेत द्यावं लागतं, म्हणून बिल मुलीच्या नावानंच करा आणि तिचं खातं आधारला जोडलेलं आहे का ते आधीच बघून घ्या. अर्ज शाळेतूनच जातो, तेव्हा मुख्याध्यापकांना वर्ष सुरू झालं की लगेच विचारायचं, दिवाळीनंतर जाग येऊन उपयोग नाही.

४. सीट

नव्वद टक्के लोक सीट खाली ठेवून चालवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून, आणि मग गुडघे दुखले की सायकलला दोष. पायडल सगळ्यात खाली घ्या, त्याच्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघा थोडासा वाकलेला राहतो, तेच बरोबर. थांबताना सीटवरून पुढं उतरायची सवय आठ दिवसात लागते. सीट मऊ गादीची पाहिजे असं वाटतं पण लांब जायला जाड गादी उलट जास्त घासते.

५. सोबत काय काय लागतं

- हातपंप, छोटा चालेल पण आपल्या व्हॉलला बसतो का ते दुकानातच लावून बघा
- पॅच, सोल्युशनची ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा
- टायर काढायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या (लोखंडी पान्ह्यानं काढलं तर ट्यूब चिमटते)
- एक नवी ट्यूब
- चाकाचे नट ज्या मापाचे आहेत तो पान्हा, आणि एलन की चा गुच्छा
- मागचा लाल लाईट, पुढचा पांढरा लाईट
- हेल्मेट
- जुनं फडकं, आणि दोन बाटल्या पाणी

सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की उन्हाळ्यात महिना-दोन महिन्यात आतल्या आत सुकून जाते, बाहेरून भरलेली दिसते आणि रस्त्यात दाबली तर हवा निघते. दर महिन्याला दाबून बघत जा.

लाईट घ्यायला पैसे कमी असतील तर निदान रेडियम लावा. नंबरप्लेटच्या दुकानात लाल आणि पिवळं रेडियम कापून देतात. मागच्या मडगार्डला, कॅरिअरच्या कडेला, पायडलला आणि पुढच्या चिमट्याला लावा. पायडलचं रेडियम वर-खाली हलत राहतं, त्यामुळं मागून येणाऱ्या ड्रायव्हरला लांबूनच कळतं की ही सायकल आहे. पण रोज अंधारात जाणं असेल तर रेडियमवर भागवू नका, लाईट घ्याच. आपल्याकडं गावाबाहेर पडलं की खांबावर दिवे नसतात.

६. काटे आणि पंक्चर

मराठवाड्यातली सायकल म्हणजे काटा आलाच. पण काटे कुठून येतात हे कळलं की निम्मी पंक्चरं टळतात.

सगळ्यात जास्त सराटे. पावसानंतर साइडपट्टीला जमिनीसरपट पिवळ्या फुलाचं जे तण पसरतं ना, त्याची फळं दिवाळीच्या पुढं वाळून सुटी होतात आणि कशीही पडली तरी एक काटा वर असतोच. म्हणून ऑक्टोबरपासून साइडपट्टीवर उतरायचं नाही, सायकल तिथं टेकवायची पण नाही, रस्त्यावरच थांबा किंवा उचलून न्या. दुसरी बाभूळ आणि वेडी बाभूळ, शेताला कुंपण करायला फांद्या तोडून ओढत नेतात आणि काटे रस्त्यावर सांडतात, शेताकडं जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी हमखास. तिसरं हायवेवरच, ट्रकचे टायर फुटतात त्यातल्या बारीक पोलादी तारा. त्या डोळ्याला दिसत नाहीत आणि टायरात रुतून बसल्या की दर चार-पाच दिवसाला त्याच जागी पंक्चर.

हवा पुरेशी पाहिजे. टायरच्या कडेला किती ते छापलेलं असतं, त्या दोन आकड्यांच्या मधली ठेवा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर आपटून एकमेकाशेजारी दोन बारीक चिरा पडतात. त्या काट्याच्या नसतात, हवा नसल्याच्या असतात. कंप्रेसरनं भरताना पोराला सांगा थोडी थोडी मार म्हणून, ट्रकच्या सवयीनं मारली तर ट्यूब जागेवर फुटते.

आमचे पंक्चरवाले चाचा एक साधा उपाय करतात. जुनी ट्यूब लांबीत कापून ती पट्टी टायर आणि नव्या ट्यूबच्या मधे घालतात. सायकल थोडी जड चालते पण सराटे बऱ्यापैकी थांबतात. पट्टीच्या कडा घासून पातळ करून घ्या, नाहीतर त्या कडेनंच ट्यूब कापते. सीलंटचं पाणी (ट्यूबमध्ये टाकलं की बारीक भोक आतूनच बुजवणारं) पण मिळतं, चांगलं काम करतं, फक्त आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, तेव्हा काही महिन्यांनी परत टाकावं लागतं आणि सीलंट पडलेल्या ट्यूबला पॅच नीट चिकटत नाही. भरीव ट्यूबच्या नादाला लागू नका, सायकल बैलगाडीसारखी चालते आणि रिमच्या तारा तुटतात.

आता रस्त्यात पंक्चर झालं तर. काटा रुतलेला दिसतोय आणि हवा अजून आहे, तर काटा उपटू नका! लोक घाईघाईनं उपटतात आणि सगळी हवा फस्सकन जाते. काटा आत असला की तोच भोक धरून ठेवतो, पंपानं हवा मारत मारत पुढच्या फाट्यापर्यंत जाता येतं.

हवा गेलीच तर चाक काढायची गरज नाही, विशेषतः मागचं. सायकल आडवी करा, उरलीसुरली हवा सोडा, पट्टीनं टायरची एकच बाजू रिमच्या बाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या. व्हॉल तसाच राहू द्या. ट्यूबमध्ये हवा मारा आणि ती गालाजवळून, ओठाजवळून हळूहळू फिरवा, बारीक भोकाची हवा हाताला लागत नाही पण ओठाला लागते. सापडलं की बोट काढू नका, खुणेला पेनानं फुली मारा, आणि तिथंच थांबू नका, पूर्ण ट्यूब फिरवून बघा कारण सराट्याची पंक्चरं जोडीनं येतात. मग हवा सोडून भोकाच्या भोवती पॅचपेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरनं घासा, चकाकी गेली पाहिजे. सोल्युशन पातळ लावायचं, जाड नाही, आणि ते सुकू द्यायचं, इथंच सगळ्यांचं चुकतं, ओल्यावरच पॅच ठेवतात आणि तो सरकतो. बोटाला चिकटेल पण ओलं लागणार नाही इतकं सुकलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये मिनिटाभरात होतं, पावसाळ्यात चांगली पाच-सात मिनिटं. पॅच ठेवा आणि सोल्युशनच्या ट्यूबच्या बुडानं मधून कडेकडं जोरात दाबा.

ट्यूब परत घालायच्या आधी फडकं घेऊन टायरच्या आतून पूर्ण एक फेरी मारा. फडकं जिथं अडेल तिथं काटा. बाहेरून काटा मोडलेला असतो आणि टोक आतच राहतं, ते नखानं किंवा पान्ह्याच्या टोकानं मागं ढकलून काढा. हे केलं नाही तर शंभर पावलांवर परत पंक्चर. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती आत बसवा म्हणजे पीळ पडत नाही, आणि टायर शेवटी हातानंच चढवा. घरी एकदा, मजेत बसून, मुद्दाम ट्यूब काढून घालून बघा. रस्त्यात पहिल्यांदा करायला गेलात तर उन्हात जीव जातो.

७. काळी माती आणि पावसाळा

डांबरी सोडून पाऊस झालेल्या कच्च्या रस्त्याला लागू नका, मग रस्ता कितीही जवळचा असो. काळी माती चाकाला चिकटते, चाकावरून मडगार्डात आणि चिमट्यात भरते, दहा-वीस पावलात चाक फिरायचं थांबतं आणि मग सायकल ढकलता पण येत नाही, उचलावी लागते. रोजचा रस्ताच तसा असेल तर पावसाळ्यापुरते मडगार्ड काढून टाका किंवा चाक आणि मडगार्डात दोन बोटं तरी अंतर राहील असे लावून घ्या, आणि फ्रेमला एक चपटी काडी बांधून ठेवा, माती खरवडायला. घरी आल्यावर ओली असतानाच पाणी मारा. पाण्याचा जोर चाकाच्या मधोमध आणि पायडलच्या एक्सलवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं आणि छर्रे गंजतात.

ओढ्या-नाल्याच्या पुलावरून पाणी चालू असेल तर थांबा. गुडघ्याएवढं पाणी पण सायकलसकट माणूस नेतं.

जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटतो, बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोदा, भूम, वाशीकडं ज्या पवनचक्क्या उभ्या आहेत त्या काय उगाच नाहीत. या दिवसात लांब जायचं असेल तर जाताना वाऱ्याच्या तोंडाला जा, येताना वारा पाठीला घ्या. उलटं केलं की दमलेल्या पायानं वाऱ्याशी झुंजत यावं लागतं.

८. ऊन

मार्चच्या शेवटापासून जूनचा पहिला पाऊस होईपर्यंत सकाळी ९ च्या आत घरी किंवा कामावर पोचायचं गणित ठेवा. मे महिन्यात पारा ४०-४२ च्या पुढं जातो आणि डांबराजवळ त्याहून जास्त तापतं. सायकलवर वारा लागत असतो म्हणून घाम आलेला कळत नाही, थांबल्यावर एकदम चक्कर येते.

तहान लागायची वाट न बघता दर १५-२० मिनिटाला दोन-तीन घोट. तासाभराच्या पुढं जायचं असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच, हे घरचं जलसंजीवनीचं प्रमाण आहे. ताक तर उत्तमच. फुल बाह्यांचा सुती पांढरा शर्ट आणि हेल्मेटच्या खाली ओला रुमाल. रुमालाचं, गमछाचं, ओढणीचं टोक मात्र खोचून टाका, चाकात गेलं तर गळा आवळतो. साडीवर, पंजाबी ड्रेसवर चालवणाऱ्या ताई-माईंनी मागच्या चाकाला जाळी आणि चेनला पूर्ण कव्हर लावूनच घ्यावं.

अंग तापलं, बोलणं बरळल्यासारखं झालं, मग घाम येत असो नाहीतर थांबलेला असो, तर ते नुसतं दमणं नाही, उष्माघात आहे. सावलीत आडवं करायचं, अंगावर पाणी मारायचं आणि १०८ ला फोन. सायकल दुपारी उन्हात उभी करून ठेवू नका, पॅचची कड सुटते आणि व्हॉलमधली रबरी नळी विरते.

९. रस्ते

समृद्धी महामार्गावर सायकल चालत नाही, बंदी आहे, जालना-संभाजीनगरवाल्यांनी तिकडं जाऊच नये. सोलापूर-धुळे ५२ नंबर आणि तुळजापूर-लातूर-नांदेडवरून नागपूरकडं जाणारा ३६१ नंबर या दोन्हीवर मोठ्या गाड्या फार वेगात असतात. तिथून जावंच लागलं तर पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, डाव्या कडेनं आणि फक्त उजेडात.

नवीन सिमेंट रस्त्यांची एक खोड आहे, रस्ता वर आणि साइडपट्टी खाली, मधे बऱ्याच ठिकाणी वीतभर पायरी. मागून हॉर्न वाजला म्हणून घाबरून खाली उतरायला गेलात की पुढचं चाक त्या कडेला घासतं आणि माणूस रस्त्याकडंच पडतो. खाली उतरायचं असेल तर आधी वेग कमी करून, चाक कडेला काटकोनात घेऊन उतरा, आणि वर चढताना तर सरळ उतरून चढवा. सिमेंटच्या दोन पट्ट्यांच्या मधली उभी फट पण तशीच, बारीक टायर तिच्यात अडकतं.

डिव्हायडरच्या रस्त्यावर अर्धा किलोमीटरचा वळसा वाचवायला उलट्या बाजूनं येणं आपल्याकडं सर्रास चालतं. करू नका. वळणावर समोरच्याला तुम्ही दिसतच नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन, पुढं तूर, ज्वारी रस्त्यावरच वाळायला टाकलेली असते. भुसकाटाच्या खाली कडेला लावलेले दगड असतात, आणि सोयाबीनच्या दाण्यावर ब्रेक मारला की छर्ऱ्यावर मारल्यासारखं चाक सटकतं. लांबूनच हळू व्हा, हँडल सरळ, ब्रेक नाही. पिकाची मालकीण तिथंच बसलेली असते, "मावशी, जरा जाऊ द्या" म्हणलं की त्या स्वतःच कडेनं वाट करून देतात.

कुत्रं मागं लागलं तर पळवू नका. उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्या मधे घ्या, आवाज चढवून हाड म्हणा आणि चालत पुढं जा.

१०. उसाचा सीझन

याला वेगळा नंबर दिला कारण सगळ्यात जास्त जीव यातच जातो असं मला वाटतं. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की मार्च-एप्रिलपर्यंत रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या. मागं लाईट नाही, रेडियम नाही, आणि टेप एवढ्या मोठ्यानं लावलेला की तुम्ही कितीही ओरडा, ड्रायव्हरला ऐकू जात नाही.

ट्रॉलीला ओव्हरटेक करायचं नाही, सरळ मैदानी रस्ता असला तरी. दुसरी ट्रॉली डुलत चालते आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. चढावर तिच्या मागं तर अजिबात नाही, हुक तुटला की ट्रॉली मागं येते, निदान पन्नास पावलं अंतर ठेवा किंवा बाजूला थांबून ती चढू द्या. ट्रॉलीला हात धरून फुकट जाणारी शाळकरी पोरं दिसली तर थांबवा, त्यांच्या घरी सांगा. रस्त्यावर पडलेलं कांडकं गोल असतं, पुढचं चाक त्याच्यावर तिरकं गेलं की फिरतंच, म्हणून एकतर टाळा नाहीतर काटकोनात घ्या. आणि या चार-पाच महिन्यात कारखान्याच्या रस्त्याला अंधारात सायकल नको, लाईट असला तरी नको, कारण बंद पडलेली ट्रॉली दगड लावून रस्त्यातच सोडून जातात.

११. देखभाल

फार नाही. आठवड्याला हवा, ब्रेक दाबून बघणं, चाक उचलून फिरवून बघणं. डुलत असेल तर मिस्त्रीकडून आउट (चाकाचा बाक) काढून घ्या, तसंच चालवलं तर तारा तुटत जातात. चेन आधी फडक्यानं कोरडी पुसा, मग एकेका कडीवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचं तेल परत पुसून काढा. तेल आतल्या पिनेला पाहिजे, वर राहिलं की आपल्या धुळीत त्याची काळी पेस्ट होते आणि तीच चेन खाते. गाडीचं जळकं ऑइल त्यामुळंच नको. पावसात भिजली की त्याच दिवशी पुसून तेल. पावसाळा संपला की एकदा मिस्त्रीकडून पूर्ण खोलून ग्रीस, समोर बसून करून घ्या आणि बघत बघत शिका.

१२. पहिल्यांदा कुठं जायचं

पहिला महिना गावातच. मग सकाळी लवकर निघून जवळचं एक ठिकाण. लातूरकरांना औसा, साधारण २० किलोमीटर, भुईकोट किल्ला बघून उन्हाच्या आत परत. संभाजीनगरवाल्यांना दौलताबाद १५ किलोमीटरच्या आसपास, तिथं दमला नाहीत तर घाट चढून खुलताबाद आणि पुढं वेरूळ, एका बाजूनं सुमारे ३० किलोमीटर. दौलताबादला रस्ता जुन्या दरवाजातून जातो, तिथं एका वेळी एकच मोठी गाडी बसते, ती जाऊ द्या मग घुसा. हिंगोलीकरांना औंढा नागनाथ आहे, जालन्याला राजूर, धाराशिववाल्यांना तुळजापूर. नवरात्रात तुळजापूरचा, महाशिवरात्रीला वेरूळ-औंढ्याचा, हनुमान जयंतीला खुलताबादचा रस्ता सोडा, पायी चालणाऱ्यांची गर्दी असते. कन्नडचा घाट नव्या माणसानं घेऊच नये.

घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, दाबा, सोडा, दाबा, सोडा, आणि वळण सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करा, वळणात नाही.

१३. काही झालंच तर

खिशात चिठ्ठी ठेवा, मोबाईल लॉक असतो. नाव, रक्तगट, घरच्या दोघांचे नंबर, कुठली गोळी चालू असेल तर ती. अँब्युलन्सला १०८, पोलिसाला ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. फोनवर जागा सांगताना गावाच्या नावासोबत किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. डोक्याला मार लागला असेल तर बरं वाटलं तरी दवाखान्यात जाऊनच घरी जा, आणि आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका, वरून धड दिसलं तरी आतला थर्माकोल चेपलेला असू शकतो.